कापसाच्या दोन टोकांवरील बालपण : वऱ्हाड आणि लँकेशायर

दिवाळी आटोपली की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी पांढरी दिसू लागते. सीतादहीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखविला जातो आणि पहिला वेचा सुरू होतो. नेमक्या याच सुमारास शाळांचे दुसरे सत्र उघडते. कमरेला ओटी बांधून पहाटे शेताकडे निघालेल्या आईच्या मागोमाग एखादी दहा-अकरा वर्षांची मुलगी चाललेली दिसते, तर दुसरी तेवढीच मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीच राहते. त्या दिवशी दोघींच्याही नावापुढे हजेरीपटात गैरहजेरीची खूण पडते. अशा दोन-तीन महिन्यांच्या खुणांनंतर त्या शाळेत परततात, तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. काही मुली तर परततच नाहीत.

हा प्रश्न केवळ वऱ्हाडचा नाही आणि केवळ आजचाही नाही. ज्या देशाच्या गिरण्यांत कापसाचे सूत होत असे, त्या इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातही मुलांचे बालपण कापूस आणि शाळा यांच्या ओढाताणीत गेले. ती ओढाताण संपावयास तेथे जवळजवळ शतक लागले. हे कसे घडले, कशामुळे लांबले आणि अखेर कशामुळे संपले, याचा अभ्यास शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य या सर्वांना उपयोगी पडण्यासारखा आहे.

कापसाने जोडलेले दोन प्रदेश

१८५३ मध्ये निजामाशी झालेल्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून लँकेशायरला जाणारा कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या व हजारो कुटुंबे उपाशी राहू लागली. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय कापसाची मागणी एकाएकी वाढली. वऱ्हाडात भाव चढले, ज्वारीची शेते कापसाखाली आली आणि पुढे कापसाच्या ओढीने रेल्वेही आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावला आणि त्यानंतर लवकरच अमरावतीला फाटे काढण्यात आले. गावोगावी रेचे व दाबगिरण्या उभ्या राहिल्या. कापसाच्या बाजारांच्या नियमनासाठी १८९७ मध्ये वऱ्हाडात स्वतंत्र कायदा झाला.

भारतीय कापसाला लँकेशायरचे कामगार सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड असल्याने यंत्रावर तो वारंवार तुटे. तुटलेला धागा जोडण्याचे काम प्रामुख्याने मुलांचे असे. म्हणजे येथील आखूड धाग्याचा भार त्या टंचाईच्या वर्षांत तेथील मुलांच्या बोटांवर पडत होता. युद्ध संपल्यावर लँकेशायरने पुन्हा अमेरिकी कापूस पसंत केला, आणि पुढे वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्या, युरोप खंड आणि जपान यांच्याकडे अधिक जाऊ लागला. तथापि दोन्ही प्रदेशांतील बालपणावर कापसाने उमटविलेला ठसा कायम राहिला.

गिरणीतील अर्धवेळ मुले

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लँकेशायरच्या गिरण्यांत सहा-सात वर्षांची मुलेही कामाला असत. चालू यंत्राखाली शिरून कापसाचा कचरा वेचणे, धागे जोडणे, भरलेल्या कांड्या उतरविणे, अशी कामे त्यांच्याकडे असत. १८३३ च्या कारखाना कायद्याने प्रथमच परिणामकारक बंधन घातले. रेशमाच्या गिरण्या वगळता अन्य कापड गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना मनाई झाली. ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आणि त्यांनी रोज २ तास शाळेत घालविले पाहिजेत असे ठरले. अंमलबजावणीसाठी सरकारने चार निरीक्षक नेमले.

कायदा झाला, पण पळवाटाही निघाल्या. त्या वेळी इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीची नागरी व्यवस्था नव्हती. ती १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर मुलाच्या अंगकाठीवरून, पुढे दातांवरूनही, वयाचा अंदाज बांधला जाई आणि आठ वर्षांचे मूल सहज नऊ वर्षांचे ठरे. शाळेत गेल्याचा दाखला देणारे काही 'शिक्षक' स्वतः निरक्षर असून दाखल्यावर सहीऐवजी फुली काढीत, असे निरीक्षकांच्या अहवालांतून उघड झाले. अखेर शिक्षकाने दाखल्यावर स्वतःच्या हस्ताक्षरात सही केली पाहिजे, असे १८४४ च्या कायद्यात स्पष्ट लिहावे लागले.

याच १८४४ च्या कायद्याने अर्धवेळ पद्धत रूढ झाली. मुलाने अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत जावे, अशी ही योजना होती. कामाचे तास घटले. मात्र त्याच्या मोबदल्यात किमान वय ९ वरून ८ वर खाली आले. पुढे अनेक ठिकाणी मूल एक आठवडा सकाळी सहा वाजल्यापासून गिरणीत व दुपारी शाळेत जाई आणि दुसऱ्या आठवड्यात हाच क्रम उलट होई. सकाळभर यंत्रामागे धावलेली मुले दुपारी बाकावर डोके टेकून झोपी जात. शिक्षकही त्यांना फारसे उठवीत नसत.

ओल्डहॅमचे जे. आर. क्लाइन्स हे अशाच मुलांपैकी एक होते. १८६९ मध्ये एका निरक्षर आयरिश मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी ते धागे जोडण्याच्या कामावर लागले. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने वाचन वाढविले, धागे जोडणाऱ्या मुलांची संघटना बांधली आणि १९२९ मध्ये ते ब्रिटनचे गृहमंत्री झाले. ओल्डहॅमजवळच्याच ॲनी केनी याही दहाव्या वर्षापासून अर्धवेळ कामगार होत्या. यंत्रात त्यांचे एक बोट गेले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत पुढे त्यांचे नाव झाले. ही दोन नावे इतिहासात राहिली. परंतु त्यांच्या शेजारी उभी राहून धागे जोडणारी असंख्य मुले आयुष्यभर गिरणीतच राहिली, हे विसरता येत नाही.

वऱ्हाडातील बालपण

१८७६ हे वर्ष या तुलनेत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या कायद्याने मुलाला लेखन, वाचन व गणित शिकविणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आणि १० वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. त्याच वर्षाच्या २३ फेब्रुवारीस अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. हेच पुढे संत गाडगेबाबा म्हणून सर्वपरिचित झाले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्याने ते आईसह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी वाढले. गुरे राखणे, शेतीची कामे करणे हीच त्यांची शाळा. त्यांना अक्षरओळखीची संधी मिळाली नाही.

या उणिवेची जाणीव गाडगेबाबांनी आयुष्यभर बाळगली. एक वेळ घरातील ताट विका, परंतु मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनांतील नेहमीचा उपदेश होता. तो उपदेश ऐकणारा श्रोता प्रामुख्याने शेतमजूर व कास्तकार होता. मुलाला शाळेत धाडणे म्हणजे घरातील एक कमावता हात सोडून देणे, हे त्या श्रोत्याला ठाऊक होते आणि बाबांनाही ठाऊक होते. म्हणूनच त्यांचा भर नुसत्या उपदेशावर राहिला नाही. शाळा, वसतिगृहे आणि धर्मशाळा उभारण्याच्या कार्याला त्यांनी आपले आयुष्य वाहिले.

डॉ. पंजाबराव देशमुख यांचे बालपण याच मातीतले, पण वेगळ्या वाटेने गेलेले. १८९८ मध्ये अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावाबाहेर शिकण्यासाठी त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. पुढे ते एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकले. ज्या स्कॉटलंडमध्ये ते विद्यार्थी म्हणून राहिले, तेथे ५ ते १३ वयाच्या मुलांना १८७२ पासूनच शिक्षण सक्तीचे होते. परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यातील मुलगा हुशारीत कमी नसतो. शाळेच्या गावी राहण्याची सोय नसल्याने तो मागे राहतो, हे ओळखून त्यांनी छात्रालयाला शाळेइतकेच महत्त्व दिले. वऱ्हाडच्या शैक्षणिक इतिहासात ही दृष्टी मोलाची ठरली.

कारखान्यांतील मुलांच्या बाबतीत मात्र येथील कायदा फार तोकडा होता. १८८१ च्या भारतीय कारखाना कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी ९ तासांचा दिवस ठरविला. शाळेचा त्यात उल्लेखही नव्हता. शिवाय १०० हून कमी माणसांचे, किंवा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर होते. वऱ्हाडातील रेचे हंगामीच चालत. त्यामुळे त्यांतील पुष्कळांना या कायद्याचा स्पर्शही झाला नाही.

एकच राज्यसत्ता, दोन मापे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८० मध्ये, इंग्लंडमध्ये ५ ते १० वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती. १८९१ पासून तेथील प्राथमिक शाळांतील फीही बहुतांशी बंद झाली. भारतात मात्र १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ६ ते १० वयाच्या मुलांसाठी, तेही स्थानिक संस्थेच्या इच्छेवर अवलंबून असणारे, अत्यंत सौम्य विधेयक मांडले, तेव्हा १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळण्यात आले. खर्चाची सबब तर पुढे आलीच. शेतीला मजूर मिळणार नाहीत अशी भीतीही जमीनदारांकडून व्यक्त झाली. एकाच राज्यसत्तेखाली मँचेस्टरच्या मुलाला लावलेले माप मूर्तिजापूरच्या मुलाला नाकारले गेले.

मध्यप्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यातही सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपविलेला होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठरविले. ते मूलभूत हक्काच्या रूपात यावयास २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. फुले यांच्या मागणीपासून हा काळ १२८ वर्षांचा होतो.

साम्य कोठे आहे ?

लँकेशायरची अर्धवेळ पद्धत पूर्णपणे बंद व्हावयास १९२१ साल उजाडले. १९१८ च्या शिक्षण कायद्याने १४ वर्षांपर्यंत पूर्णवेळ शाळा सक्तीची केली, तेव्हाच हे शक्य झाले. इतका विलंब का लागला, याचे उत्तर केवळ गिरणीमालकांच्या लोभात शोधून चालत नाही. १९०९ मध्ये कापड कामगारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांचे मत अजमावले, तेव्हा मोठ्या बहुमताने कामगारांनीच मुलांचे कामाचे वय वाढविण्यास विरोध दर्शविला. त्याच वर्षी सरकारी समितीने मात्र अर्धवेळ पद्धत बंद करण्याची शिफारस केली होती.

पालकांचा हा विरोध मुलांवरील प्रेमाच्या अभावातून आलेला नव्हता. सूत कातणाऱ्या कारागिराची मजुरी निघालेल्या मालावर ठरे आणि धागे जोडणाऱ्या मुलाचा पगार तो आपल्या मजुरीतून देई. ते मूल घरचे असेल तर पैसा घरातच राही. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरीही वजनावर ठरते. दिवसाकाठी आईच्या ओटीत मुलीच्या हातचे चार-सहा किलो पडले, तर संध्याकाळच्या काट्यावर तेवढा फरक दिसतो. जेथे मजुरी मालाच्या मापावर मिळते, तेथे मुलाच्या हाताला किंमत येते, हे सूत्र दोन्ही ठिकाणी सारखेच लागू पडते. हजेरीच्या प्रश्नाचे मूळ बहुधा येथे असते. पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन ते सापडत नाही.

दुसरे साम्य मुलींच्या बाबतीत आहे. लँकेशायरमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने गिरणीत जात आणि तान्ही मुले थोरल्या बहिणीच्या किंवा शेजारणीच्या हवाली होत. वऱ्हाडातही वेचणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम आहे. त्यामुळे शेतात न जाणारी मुलगीही शाळेत जातेच असे नाही. ती घर सांभाळते, आणि तिचे हे काम कोणत्याही मजुरीच्या हिशेबात येत नाही.

भेद कोठे आहे ?

गिरणी बारमाही होती. वेचणी हंगामी आहे. गिरणीचा भोंगा मुलाला रोज अर्धा दिवस शाळेतून ओढून नेई, तर वेचणी त्याला सलग काही आठवडे नेते. म्हणून वऱ्हाडातील मुलाचे नाव पटावर असते, परीक्षेलाही ते बसते, मात्र मधला भाग कोरा राहतो. ही उणीव पटसंख्येच्या आकड्यांत दिसत नाही.

दुसरा भेद स्थलांतराचा आहे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतून अनेक कोरकू कुटुंबे पावसाळ्यानंतर कामासाठी सपाटीवर उतरतात आणि होळीच्या सणाला घरी परततात. त्यांच्या मुलांची शाळा तर सुटतेच, शिवाय भाषेचीही अडचण असते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीपासून सर्वस्वी भिन्न आहे. मोठ्या कष्टाने आलेले मराठी वाचन तीन-चार महिन्यांच्या खंडात विसरले जाते. लँकेशायरच्या मुलाला निदान त्याच गावात, त्याच भाषेत, दुपारी शाळा मिळत होती.

तिसरा भेद आशादायक आहे. लँकेशायरमध्ये प्रथम काम आणि उरलेल्या वेळेत शाळा अशी कायद्याची मांडणी होती. येथील कायदा याच्या उलट आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी आहे. घरच्या धोकारहित कामात मदत करण्याची मुभा आहे. ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीतच. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने वेचणी करणे या मुभेत बसत नाही. हा फरक प्रत्येक पंचायत सदस्याने समजून घेणे आवश्यक आहे.

गावाच्या हाती काय आहे ?

या तुलनेतून काही धडे निघतात, आणि ते अमलात आणण्याचे अधिकारही आजच्या कायद्यांनी गावाजवळ आणून ठेविले आहेत.

पहिली बाब नोंदीची. दातांवरून वय ठरविण्याचा काळ इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीने संपविला. ग्रामपंचायतीकडील जन्मनोंदवही नीट ठेवली गेली, तर सहा वर्षांचे कोणते मूल शाळेबाहेर आहे हे जूनपूर्वीच समजते.

दुसरी बाब हजेरीची. फुलीच्या सहीचे दाखले हा इतिहास झाला, तरी कागदावरील हजेरीचा मोह सर्वत्र असतो. इंग्लंडमध्ये १८६२ पासून सुमारे तीन दशके शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर व परीक्षेतील यशावर अवलंबून ठेवण्यात आले. तपासनीसाला दाखविण्यापुरती घोकंपट्टी वाढली, आणि पुढे ती पद्धत सोडून द्यावी लागली. आकडा चांगला दिसावा यापेक्षा तो खरा असावा, असा आग्रह अधिकाऱ्यांनी धरला, तरच शिक्षक वेचणीच्या दिवसांतील गैरहजेरी मोकळेपणाने नोंदवील.

तिसरी बाब सुट्यांची. स्कॉटलंडमध्ये बटाट्याच्या काढणीसाठी ऑक्टोबरात शाळांना सुटी देण्याची प्रथा होती. शिक्षणहक्क कायद्याच्या ९ व्या कलमाने शैक्षणिक दिनदर्शिका ठरविण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे सोपविले आहे. पहिली ते पाचवीला २०० व सहावी ते आठवीला २२० दिवसांचे काम पूर्ण होत असेल, तर सुट्यांची मांडणी करताना कोणत्या भागात वेचा केव्हा जोरात असतो, याचा विचार करता येईल. अर्थात सुटी म्हणजे मुलांना मजुरीची परवानगी नव्हे. कुटुंबाबरोबर गेलेल्या मुलाचा अभ्यास बुडू नये, एवढाच तिचा हेतू असावा.

चौथी बाब धाकट्या भावंडांची. वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी वेळेवर उघडली आणि आई परत येईपर्यंत तान्ह्या मुलांची सोय झाली, तर थोरली बहीण शाळेत येऊ शकते. तिला शाळेत आणण्याचा मार्ग अनेकदा अंगणवाडीतून जातो.

पाचवी बाब स्थलांतराची. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे त्याच ९ व्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अचलपूर, अकोट किंवा दर्यापूरकडील गावात धारणीची कुटुंबे उतरली, तर त्यांच्या मुलांना तेथील शाळेत बसविणे, अथवा मूळ गावी हंगामी वसतिगृहाची सोय करून मुलांना तेथेच ठेवणे, असे दोन मार्ग खुले आहेत. पंजाबरावांनी छात्रालयाला जे महत्त्व दिले, त्याचे मर्म येथे पुन्हा प्रत्ययास येते.

या सर्व बाबतीत शाळा व्यवस्थापन समितीची भूमिका मध्यवर्ती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांतील कित्येक जणी स्वतः वेचणीला जातात. कोणत्या आठवड्यात कोणत्या घरची मुले शेतात असतील, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. समितीची सभा दिवाळीपूर्वी, वेचा सुरू होण्याआधी, आणि तीही संध्याकाळी घेतली, तर या माहितीचा उपयोग होईल. दुपारी बारा वाजता बोलाविलेल्या सभेला वेचणारी बाई येऊ शकत नाही.

लँकेशायरच्या मुलाला गिरणीतून सोडविण्यासाठी १८३३ ते १९२१ अशी ८८ वर्षे लागली. जन्मनोंद, फीमाफी, निरीक्षक, हजेरी अधिकारी आणि अखेर पूर्ण मनाई, या पायऱ्या एकामागून एक आल्या. एकट्या कायद्याने ते झाले नाही आणि कायद्याविनाही झाले नसते. वऱ्हाडात कायद्याच्या सर्व पायऱ्या आज बांधून झाल्या आहेत. शेंडगाव व दापुऱ्याच्या शिवारात गुरे राखणाऱ्या एका मुलाला शाळा मिळाली नाही, तेव्हा त्याच्यासाठी असा कोणताही कायदा नव्हता. आज तो आहे. यंदाच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी आपल्या गावाच्या हजेरीपटावर किती नावांपुढे खूण पडते, हे पाहण्यापासून त्याच्या अंमलबजावणीचा आरंभ करता येईल.